अंगठा उमटत नाही

आमच्या कारखान्यात साठाव्या वर्षी निरोप देतात, आणि त्या समारंभाची तयारी पंचवीसेक वर्षं माझ्याकडे आहे. शाल, श्रीफळ, पेढे आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्याला उद्यापासून वेळेवर कुठेही जायचं नाही त्याला घड्याळ कशाला, असं मी कधी विचारलं नाही, कारण ते ठरवणारी माणसं माझ्याआधीच घड्याळ घेऊन घरी गेली होती. यादी ठरलेली होती, मी यादीप्रमाणे आणत होते.

कारखाना म्हणजे फार मोठा नव्हे. स्वारगेटच्या पुढे, सातारा रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, खाली कामाचा हॉल आणि वर ऑफिस. आम्ही प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं बनवतो. साधा माल आता यंत्रावर निघतो. पण कुणी प्राध्यापक वहीच्या पानावर काहीतरी वेडंवाकडं चित्र काढून आणतो आणि म्हणतो, असं एक हवंय, नळीच्या आत नळी, तिच्या आत आणखी एक. ते हाताने करावं लागतं, आणि ते करू शकणारा आमच्याकडे एकच माणूस होता. मी वरच्या ऑफिसात. हजेरी, रजा, नेमणुकीची पत्रं आणि निरोपाचे पेढे, सगळं माझ्या टेबलावरून जायचं.

त्या माणसाला सगळे चाचा म्हणत, मीही. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. राहायला घोरपडे पेठेत, चार पिढ्यांपासून तिथेच. त्यांचं मराठी माझ्या जावयापेक्षा स्वच्छ होतं. अर्थात माझा जावई बंगळूरला असतो आणि मराठी बोलायचं म्हटलं की आधी इंग्रजीत दम घेतो, त्यामुळे ही तुलना चाचांवर अन्याय करणारी आहे.

त्यांचं काम मी अनेकदा खाली उभी राहून पाहिलं आहे. डोळ्यांवर जांभळट काचेचा चष्मा, समोर बर्नरची निळी ज्योत, दोन्ही हातांत काचेची नळी, आणि ती सतत गोल फिरत असते. थांबली की तापलेली काच एका बाजूला लोंबते. मऊ झाली की तोंडाला लावलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर. सांधा एकदा ज्योतीवर धरला की तो पुरा होईपर्यंत माणूस उठू शकत नाही. मध्येच खाली ठेवला तर गार होताना तडकतो आणि सकाळपासूनची मेहनत कचऱ्यात जाते. हे मला नीट ठाऊक होतं. ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं असं मला म्हणता येणार नाही.

त्यांना साठ पूर्ण झाली तेव्हा रीतसर शाल, श्रीफळ, घड्याळ झालं. धाकट्या मालकांनी भाषण केलं आणि शेवटी सांगितलं, की चाचा जाणार नाहीत, दर वर्षी करार करून राहतील. टाळ्या झाल्या. चाचा दोनच वाक्यं बोलले. "हात थरथरायला लागला की मी स्वतः वर येऊन मॅडमना सांगीन. तोवर मला कुणी घरी पाठवू नका." लोक हसले. मला ते आवडलं, कारण त्यात नियमासारखी स्पष्टता होती.

धाकटे मालक मला म्हणाले, "त्यांना काय हवं ते द्या, पण माणूस टिकला पाहिजे." मी लगेच यादी केली. यादी करणं मला चांगलं जमतं. फिरती गादीची खुर्ची, बर्नरपाशी कूलर, स्वतंत्र कपाट. चाचांनी यादी वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"कूलरच्या वाऱ्याने ज्योत वाकते, मॅडम. आणि ही चाकाची खुर्ची. फुंकताना मागे सरकली तर मी काचेसकट भिंतीवर."

"मग काय हवं ते सांगा."

"सात ते एक. दुपारी वरचा पत्रा तापतो, खाली ज्योत. आता दोन्हीकडून भाजून घ्यायला होत नाही."

बस, एवढंच. ते मिळालं, आणि चार वर्षं ते राहिले. सकाळी साताला बर्नर पेटायचा, एकला विझायचा, आणि त्या सहा तासांत निघालेला माल बाकीच्यांच्या आठ तासांना खाली बघायला लावायचा.

निवृत्तीनंतर माणसं का थांबतात आणि का जातात, याबद्दल माझी काही मतं तोवर पक्की झाली होती. आमचे जुने हिशेबनीस तल्लख होते, सत्तरीपर्यंत सहज बसले असते. पण ऑफिस वर आणि स्वच्छतागृह खाली, हॉलच्या मागे. त्या वयात माणसाला दिवसातून किती वेळा जावं लागतं हे कुणी विचारात घेतलं नाही. राजीनामा त्यांच्या गुडघ्यांनी दिला, सही तेवढी त्यांनी केली. ते गेल्यावर वर स्वच्छतागृह बांधलं गेलं. वरातीमागून घोडं. तेव्हा मी ठरवून टाकलं, की म्हाताऱ्या माणसाला कामावर ठेवायचं तर जिना, खुर्ची, ऊन आणि संडास एवढं सांभाळावं. या सगळ्या विकत आणता येण्यासारख्या गोष्टी होत्या. ऑफिसातली बाई आणि तिचा स्वभाव हेही त्या यादीत येतं, असं मला सुचलं नाही.

मग चाचांच्या कराराच्या चौथ्या वर्षी अंगठ्याचं यंत्र आलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस कारखाना पाहायला आला होता. त्याने हजेरीचं पुस्तक उघडलं आणि त्यात एकाच पेनाने, एकाच हाताने, सगळ्यांची वेळ नऊ लिहिलेली त्याला दिसली. धाकट्या मालकांचा चेहरा पडला. माझा नाही. त्या पुस्तकाशी मी वीस वर्षं भांडत होते. यंत्र बसलं त्या दिवशी घरी जाताना मी चितळ्यांची बाकरवडी घेतली असती, पण बस समोर उभी होती.

शिकल्यासवरल्या माणसांना अंगठा लावायला लावणारं ते यंत्र फाटकाशी बसवलं. पहिल्या दिवशी सगळ्यांचे ठसे घेतले. चाचांचा उमटेना. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक करून बाकीची बोटं झाली. यंत्र बाईच्या गोड आवाजात म्हणायचं, "प्लीज ट्राय अगेन." चाचांनी तळवा उघडून मला दाखवला. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत होती.

"चाळीस वर्षं गरम काच, मॅडम. ठसे तिकडेच गेले."

यंत्र बसवणाऱ्याने क्रीम लावायला सांगितलं. कुणी म्हणालं लिंबू चोळा. अर्ध्या तासाने डाव्या अंगठ्याचा कसाबसा ठसा पकडला गेला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो ठसा पुढे आठवड्यातून एखाद्या दिवशी जुळायचा.

यंत्रासाठी नियम मी लिहिले होते. ज्याची हजेरी यंत्रात लागली नाही त्याने वर येऊन माझ्यासमोर अर्ज भरायचा, कारण लिहायचं, सही करायची. दहाला मी दिवसाची यादी बाहेरच्या पगार करणाऱ्या कंपनीला पाठवून द्यायची. त्यानंतर बदल नाही. नियम वाईट नव्हता. दहाला डुलत येऊन 'मॅडम, मशीन बंद होतं' म्हणणारे दोघेतिघे होते, त्यांच्यासाठी तो अगदी बरोबर होता. फक्त मी येते साडेनऊला, आणि चाचांचा बर्नर साताला पेटलेला असायचा.

म्हणजे असं झालं, की ते सकाळी फाटकाशी उभे राहायचे, पंच्याने अंगठा पुसायचे, लावायचे, पुन्हा पुसायचे. वॉचमन सांगायचा, की पाच-सात वेळा करून बघतात आणि मग आत जातात. नंतर साडेनऊ ते दहाच्या मध्ये वर. अर्ज. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'अंगठा उमटला नाही'. सही. माझी सही. मी फाईलला लावायचे. ते जिना उतरून जायचे. रोज. कारण रोज तेच, तरी मी ते रोज लिहून घेत होते, कारण रकाना रिकामा ठेवलेला मला चालत नाही.

धाकट्या मालकांना मी एक शब्द सांगितला असता तर त्यांना सूट मिळाली असती. साधी वही आणि पेन फाटकाशी ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण एकाला सूट दिली की दहा जण दारात उभे राहतात, हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे, की ते खरं आहे का हे तपासायचं राहून गेलं. या बाबतीत दुसरा एकही जण दारात उभा राहणार नव्हता. बाकी कुणाची बोटं तशी नव्हती.

हॉलमधले लोक म्हणायचे, की चाचा हल्ली मोठं काम साडेनऊच्या आधी हातात घेत नाहीत. सकाळचे गार तास, ज्यांच्यासाठी त्यांनी सात ते एक मागून घेतलं होतं, ते किरकोळ कामात जायचे. अवघड सांधे अर्ज भरून झाल्यावर, म्हणजे पत्रा तापायला लागल्यावर. हे माझ्या कानावर आलं होतं. मला वाटलं, वय झालं, हळूहळू गाडी सुरू होते.

एक दिवस ते वीस मिनिटं उशिरा वर आले. चष्मा कपाळावर तसाच, मानेवरून घाम.

"अहो चाचा, दहाला यादी जाते. तुम्हाला माहीत आहे."

"सांधा ज्योतीवर होता."

"आता गेली यादी. उद्या लिहून द्या, पुढच्या महिन्यात दुरुस्ती होईल."

ते माझ्या टेबलाकडे बघत उभे राहिले. तिथे फाईल होती, पाण्याची बाटली होती, शिक्का होता.

"म्हणजे आज मी आलोच नाही."

"कागदावर," मी म्हणाले.

"बरं."

ते खाली गेले आणि उरलेलं काम पुरं केलं. संध्याकाळी ते उपकरण पेटीत भरून गेलं. त्याचं डिलिव्हरी चलन मीच फाडलं, त्याच तारखेचं. जो माणूस आला नव्हता त्याने केलेली वस्तू मी माझ्या सहीने रवाना केली आणि मला त्यात काही खटकलं नाही.

मार्चमध्ये नव्या कराराचं पत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"आता थकलो, मॅडम."

दोन्ही हात पँटच्या खिशात होते. मला त्यांचं चार वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं. हात थरथरायला लागला की मी स्वतः वर येऊन मॅडमना सांगीन. ते वर आले होते आणि मला सांगत होते. मी समजले. खिशातले हात दाखवा असं म्हणणं बरं दिसलं नसतं, आणि मी स्वतःला मनाने हळवी बाई समजत होते त्या क्षणी. फाईलमध्ये लिहिलं, 'वयोमानामुळे करार पुढे चालू ठेवण्यास असमर्थ'. एका माणसाला दोनदा शाल देता येत नाही, तशी यादीत सोय नाही, म्हणून दुसऱ्या निरोपाला चहा आणि बिस्किटं झाली. ते आपला चष्मा आणि लाकडी मुठीची दोन हत्यारं कागदात गुंडाळून घेऊन गेले. ती त्यांची स्वतःची होती.

त्यानंतर वर्षभर वहीच्या पानावर चित्र घेऊन येणाऱ्या माणसांना आम्ही नाही म्हणत राहिलो. दोन नवीन कारागीर ठेवून पाहिले, ते गेले. तेवढ्यात माझी साठी आली. धाकटे मालक मला म्हणाले, की तुम्ही थांबा, काय हवं ते सांगा. मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी विचार करण्यासारखं काही नव्हतं. नवरा हयात नाही, मुलगी बंगळूरला, आणि सकाळचं वर्तमानपत्र साडेआठला संपतं.

त्याच आठवड्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक, प्राध्यापक, आले. त्यांच्या पिशवीत एक उपकरण होतं. म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात, मग येरवड्याला एक जण करून देतात असं कळलं." मी ते हातात घेतलं. मला काच फुंकता येत नाही, पण पंचवीस वर्षं चलनं फाडताना मी तो सांधा पाहिला होता. कुठे गाठ नाही, फुगवटा नाही, नुसती केसाएवढी एक गोल रेघ. दुसऱ्या कुणाचा सांधा तसा येत नाही. आणि थरथरत्या हाताने तर येणारच नाही.

मी मालकांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी येरवड्याला गेले. मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानाच्या मागे पत्र्याची खोली होती, ती चाचांच्या मेव्हण्याची. खिडकी बंद. एक बर्नर, एक लाकडी स्टूल, आणि भिंतीवर आमचं घड्याळ, चालू. अकरा वाजले होते. चाचा ज्योतीपुढे बसलेले होते आणि सांधा हातात होता, म्हणून मी दारातच उभी राहिले. या वेळी मी थांबले. नळी फिरत होती. मी फक्त त्यांच्या हाताकडे बघत होते. दहा-पंधरा मिनिटं मी बघत होते, आणि त्यांचा हात एकदाही हलला नाही. मला लाज वाटली. तिला दुसरा शब्द नाही.

त्यांनी काम हळूहळू गार व्हायला उबेला ठेवलं, चष्मा वर केला आणि मी दिसले.

"मॅडम? या, या." स्टूल पुसून मला दिलं, पुढच्या दुकानात चहा सांगितला.

"तुमचा हात तर थरथरत नाही," मी म्हणाले. ख्यालीखुशाली विचारायचं राहूनच गेलं.

"नाही."

"तुम्ही म्हणाला होतात थकलो."

"थकलोच होतो. हाताचं मी कुठे म्हणालो?"

चहा आला. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

"काच अजून ऐकते माझं," ते म्हणाले. "पण रोज सकाळी यंत्रापुढे उभं राहून सांगायचं, की मी मीच आहे. त्याने म्हणायचं, नाही. मग वर येऊन तुम्हाला तेच लेखी द्यायचं. यंत्राचं काही नाही, ते नवीन होतं. तुम्ही तर मला इतकी वर्षं ओळखत होतात."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं, रागावलेल्या माणसांना उत्तर देण्यात माझी हयात गेली आहे. मी मालकांचा निरोप सांगितला. अंगठा लावायचा नाही, वर यायचं नाही, फाटकाशी वही ठेवू, सात ते एक. शब्द न् शब्द सांगितला.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आता इथे बसलोय, मॅडम. तेव्हा म्हणाल्या असतात तर कशाला उठलो असतो? चाळीस वर्षांची जागा होती ती." आणि मग, "साखर कमी झालीय का चहात?"

मी म्हटलं, ठीक आहे. साखर खरंच कमी होती.

ऑफिसात आल्यावर त्यांची फाईल काढली. नऊ महिन्यांचे अर्ज, सगळे एकाखाली एक, एकाच अक्षरात, प्रत्येकाखाली माझी सही. शेवटच्या पानावरचं 'वयोमानामुळे' मी खोडलं आणि त्यावर 'कार्यालयाच्या पद्धतीमुळे' असं लिहून तारीख घातली. धाकट्या मालकांनी ते वाचलं आणि मान हलवली. फाटकाशी आता एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन आहे, साठीच्या पुढच्यांसाठी. तिच्यात सही करणारं सध्या कुणी नाही.

साठीच्या पुढची म्हणून खरं तर मी एकटीच आहे. करार मी घेतला. काय हवं म्हणून मालकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी 'काही नको' म्हणाले. खुर्ची चांगली आहे, स्वच्छतागृह आता वर आहे, पंखा डोक्यावर आहे. वही मला लागत नाही. रोज साडेनऊला मी अंगठा टेकवते आणि यंत्र पहिल्या झटक्यात म्हणतं, "थँक यू." माझा ठसा लख्ख उमटतो. या हातांनी आयुष्यभर कागदाशिवाय काही धरलेलं नाही.